यामिनी गभणे विरुद्ध वैनगंगा विद्यापीठ

यामिनी गभणेची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा झाली, तेव्हा वैनगंगा विद्यापीठाच्या सभागृहात मागच्या भिंतीला टेकून लोक उभे होते. भूजलशास्त्राचा प्रबंध ऐकायला एवढी गर्दी विद्यापीठाने कधी पाहिली नव्हती. भंडारा जिल्ह्यातल्या जमीनदारांनी बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांचं पाणी जमिनीखालून कुठे जातं, कोणत्या गावची विहीर कोणत्या तलावावर जगते, हे तिने कित्येक वर्षं पायपीट करून शोधलं होतं. त्या गावांतली माणसं मुद्दाम आली होती. आपल्या विहिरीचं नाव निघालं की एकमेकांना कोपराने ढोसत होती.

हैदराबादहून आलेल्या परीक्षकांनी तिला चांगलाच घाम फोडला आणि शेवटी चष्मा काढून म्हणाले, "माझ्याकडचे प्रश्न संपले. या बाईंकडची उत्तरं अजून संपलेली दिसत नाहीत."

सभागृह हसलं. तिचे मार्गदर्शक डॉ. पद्माकर देवतळे पुढे आले आणि त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. तिचा नवरा हेमराज लाखनीच्या शाळेत गणित शिकवायचा. एरवी चारचौघांत अवघडणारा हा माणूस त्या दिवशी ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवत फिरला.

पदवी मात्र आली नाही. त्याऐवजी परीक्षा विभागाकडून कळवण्यात आलं, की मौखिक परीक्षेच्या वेळी उमेदवाराच्या शरीरात इलेक्ट्रॉनिक उपकरण चालू होतं. परीक्षेत असं साधन जवळ बाळगणं हा गैरप्रकार ठरतो. सबब पदवी नाकारण्यात येत आहे.

'गैरप्रकार' या शब्दापाशी यामिनी थांबली. चपलेत चिठ्ठ्या लपवणाऱ्या पोरांसाठी वापरायचा तो शब्द. तिचा हात आपोआप उजव्या कानामागे गेला. तिथे कातडीखाली, चिंचोक्याएवढं, ते उपकरण होतं.

ते तिथे कसं आलं, ते सांगायला हवं. एकोणतिसाव्या वर्षी यामिनी सर्वेक्षणासाठी एका तलावाच्या काठी गवतातून हिंडत होती. तिथेच तिला बारीक किडा चावला आणि ताप आला. विदर्भात पावसाळ्यानंतर हा ताप येतोच, पण तिच्या बाबतीत तो मेंदूपर्यंत पोचला. ती वाचली. बोलू लागली, चालू लागली, लहानपणच्या मैत्रिणींची नावं तिला आठवत होती, भूजलाची समीकरणं ती न अडखळता मांडत होती. फक्त नवीन काही तिच्यात टिकत नव्हतं. हेमराज सकाळी सांगायचा, आज तुझी आई येणार आहे. थोड्या वेळाने ती विचारायची, आज कुणी येणार आहे का? दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेवढ्याच कुतूहलाने. दोन वर्षं तिच्या घरात ताज्या बातमीखेरीज काही घडलं नाही, कारण प्रत्येक बातमी तिच्यासाठी ताजीच होती.

आपल्याला काही आठवतं म्हणजे काय होतं, हे डॉक्टरांनी हेमराजला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, हिप्पोकॅम्पस नावाचा बाकदार भाग असतो. आपण जे पाहतो-ऐकतो ते आधी तिथे येतं, विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदनांच्या रूपात. त्या भागाचा एक टप्पा ही स्पंदनं दुसऱ्या टप्प्याकडे पाठवतो आणि पाठवताना त्यांची मांडणी बदलतो. ती बदललेली मांडणी मग काही महिन्यांत, हळूहळू, मेंदूच्या बाहेरच्या थरात जाऊन बसते. तिथे बसलं की ते कायमचं. यामिनीचे दोन्ही टप्पे ठीक होते, बाहेरचा थरही ठीक होता. तापाने फक्त दोन टप्प्यांमधला रस्ता जाळला होता.

नागपूरच्या रुग्णालयात तिच्या मेंदूत बसवला गेला तो स्मृतिसेतू. केसाहून बारीक तारा पहिल्या टप्प्यातली स्पंदनं टिपतात, कानामागचं उपकरण क्षणात हिशेब करतं की निरोगी मेंदूने यातून कोणती मांडणी केली असती, आणि तीच मांडणी दुसऱ्या टप्प्यात सोडतं. उपकरण स्वतःपाशी काही ठेवत नाही. नदीवरच्या पुलावरून माणसं जातात, पुलावर मुक्काम करत नाहीत, तसं.

सेतू चालू झाला त्या दिवशी हेमराजने तिला सांगितलं, की खिडकीबाहेर निळ्या रंगाची दुचाकी उभी आहे. मग जेवण झालं, झोप झाली. संध्याकाळी तिने उठल्याउठल्या विचारलं, "ती निळी गाडी गेली का रे?" हेमराज उठून बाहेर व्हरांड्यात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

त्यानंतर तिने संशोधनासाठी नाव नोंदवलं. अर्जात उपकरणाचा उल्लेख स्पष्ट केला होता. तेव्हा कुणी हरकत घेतली नाही.

आता हरकत घ्यायला विद्यापीठापाशी कारण नव्हतं, असं म्हणता येणार नाही. मधल्या काळात काही श्रीमंत घरच्या मुलांनी जबड्याच्या हाडात बोलणारी यंत्रं बसवून घेऊन प्रवेश परीक्षा दिल्या होत्या आणि राज्यभर बोंब उठली होती. त्यानंतर प्रत्येक विद्यापीठाने नियम कडक केले. शरीरातलं यंत्र म्हटलं की आता परीक्षा विभागातली माणसं दचकायची. त्यांच्या लेखी यामिनी आणि ती मुलं एकाच रांगेत होती.

यामिनी आधी देवतळे सरांकडे गेली. सर विद्या परिषदेचे सदस्य होते आणि निर्णय त्याच परिषदेत झाला होता. सरांनी चहा मागवला, पंख्याचा वेग वाढवला, खुर्ची ओढून घेतली.

"सर, तुम्ही बैठकीत होतात?"

"होतो."

"काय म्हणालात?"

सरांनी कपातला चहा बशीत ओतला आणि पुन्हा कपात ओतला. "वातावरण तसं नव्हतं, यामिनी. कुलगुरूंनी ठरवूनच आणलं होतं. मी एकटा बोलून काय होणार होतं? पण मी तुझ्यासाठी एक वाट काढली आहे. विशेष प्रमाणपत्र. 'उपकरणाच्या साहाय्याने संशोधन पूर्ण केले' असं. नोकरीला चालेल. मी बोलतो त्यांच्याशी."

"सर, माझा प्रबंध तुम्ही ओळ न् ओळ वाचलाय. त्यातलं उपकरणाने काय केलं, एक वाक्य दाखवा."

"मला माहीत आहे गं."

"मग तेवढंच बोलायचं होतं."

ती चहा न घेता उठली. पायऱ्या ती भराभरा, दोन-दोन करून उतरली. आपण रागावलो आहोत हे तिला खालच्या पायरीवर समजलं, आणि समजल्यावर बरं वाटलं.

नागपूर खंडपीठात तिची याचिका दाखल केली ती अॅडव्होकेट नलिनी वासनिक यांनी. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, अशिलाचं पूर्ण ऐकून मग एकच प्रश्न विचारणाऱ्या. त्यांनी यामिनीला विचारलं, "मध्येच तडजोड करायची झाली तर कुठवर?"

"करायची नाही."

"आत्ता सोपं आहे म्हणणं," नलिनीताई म्हणाल्या आणि वकीलपत्र पुढे सरकवलं.

खंडपीठात मराठीतून युक्तिवाद करायची मुभा मिळून काही वर्षं झाली होती, त्यामुळे यामिनीला सगळं नीट कळत होतं. नलिनीताईंनी चष्म्याचा आणि श्रवणयंत्राचा दाखला दिला. विद्यापीठाचे वकील दाभाडे शांतपणे उठले.

"महोदय, चष्मा अक्षर दाखवतो, उत्तर दाखवत नाही. आणि चष्म्याच्या काचेतून पलीकडचं आपल्यालाही दिसतं. या यंत्राच्या आत काय चालतं, हे बाहेरच्या कुणालाही दिसत नाही. आम्ही या बाईंना खोटं ठरवत नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की ज्ञान त्यांच्या मेंदूत असेल तर यंत्र बंद करून दाखवा."

ज्येष्ठ न्यायमूर्ती इनामदार यांनी यामिनीकडे पाहिलं. यंत्र थोडा वेळ बंद ठेवल्याने इजा होत नाही, असा डॉक्टरांचा अहवाल समोर होता. त्यांनी सक्ती केली नाही, पण याचिकाकर्तीची तयारी असेल तर प्रकरण लवकर संपेल, असं म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात नलिनीताईंनी सांगितलं, "नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. माझा सल्ला तोच आहे."

पण यामिनीचं डोकं तापलेलं होतं. यंत्र बंद केलं तरी आपल्याला सगळं येतं, हे तिला पक्कं माहीत होतं. तो अभ्यास कधीच बाहेरच्या थरात जाऊन बसला होता. त्याला पुलाची गरज उरली नव्हती. "घेऊ द्या चाचणी," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडावर उत्तरं फेकते."

चाचणी विद्यापीठातच झाली. तीन तज्ज्ञ, एक अधिकारी, चित्रीकरणाचा कॅमेरा, आणि कोपऱ्यात खुर्चीवर हेमराज. त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, या अटीवर त्याला बसू दिलं होतं. तंत्रज्ञाने तिच्या कानामागे चुंबक टेकवलं.

"मॅडम, बंद करतोय."

"करा," यामिनी म्हणाली.

आणि ती गाडीत होती. हेमराज गाडी चालवत होता, रस्ता लाखनीचा होता, उन्हं कलली होती. तिच्या कुर्त्याची बाही ओली होती. ओठ चावल्यासारखा हुळहुळत होता. मधलं काहीच नव्हतं; यंत्र पुन्हा चालू केल्यावर सेतू जुळायला थोडा वेळ लागतो, हे तंत्रज्ञाने आधीच सांगितलं होतं. तिने आठवायचा प्रयत्न केला तेव्हा तिथे अंधारही लागला नाही, नुसतं पान उलटल्यासारखं झालं.

"कसं झालं?"

"छान झालं. सगळी उत्तरं दिलीस."

"मग तू असा का दिसतोयस?"

"कसा?" हेमराज म्हणाला आणि समोरच्या ट्रकला वाट द्यायच्या निमित्ताने तिच्याकडे बघायचं टाळलं.

तिन्ही तज्ज्ञांनी तिला एकमताने उत्तीर्ण ठरवलं. विद्यापीठाने मोठ्या मनाचा आव आणून कळवलं, की चाचणी समाधानकारक झाल्याने पदवी देण्यात येईल, याचिकाकर्तीने याचिका मागे घ्यावी. हेमराजने नलिनीताईंचा फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतः शिरा करायला घेतला. बऱ्याच वर्षांनी तो गुणगुणताना तिने ऐकलं.

त्याच आठवड्यात विद्यापीठाचं परिपत्रक निघालं. शरीरात स्मृतिविषयक उपकरण असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला यापुढे निकालाआधी 'यंत्रविरहित चाचणी' द्यावी लागेल. श्रीमती यामिनी गभणे यांनी ही चाचणी यशस्वीपणे दिल्याने तिची व्यवहार्यता सिद्ध झाली आहे, असं त्यात तिचं नाव घालून लिहिलं होतं.

परिपत्रक तिच्यापर्यंत आणलं ते रेवती सहारेने. तुमसरची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, अपघातात डोक्याला मार बसलेली. बी.एड.चा तिचा निकाल राखून ठेवला होता. ती यामिनीच्या घरी आली तेव्हा दारातच म्हणाली, "मी भांडायला नाही आली ताई. तुम्ही पास झाल्या, मला खरंच बरं वाटलं. फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून आली."

"काय माहीत असावं?"

"माझं यंत्र तुमच्यासारखं नाही. तुमचं आत नेऊन ठेवतं, मग त्याचं काम संपतं. माझी आतली जखम मोठी होती. माझं यंत्र आतही नेतं आणि लागेल तेव्हा बाहेरही आणतं." तिने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता. "बंद केलं की मला माझं नाव सांगता येतं. आईचं सांगता येतं. शिकलेलं सगळं आतच असतं हो, पण दार उघडत नाही. सराव पाठाला चाळीस पोरं होती माझ्या वर्गात. सगळ्यांना भागाकार आला. तो मीच शिकवला ना?"

"तूच शिकवलास."

"चाचणीत मी पहिल्या प्रश्नालाच बसून राहीन. आणि ते म्हणतील, गभणे मॅडमला जमलं, हिला नाही जमलं."

यामिनी तिला कोपऱ्यापर्यंत सोडून आली. मग आत येऊन म्हणाली, "हेमराज, मी याचिका मागे घेत नाही."

हेमराज वह्या तपासत होता. त्याने लाल पेन खाली ठेवलं. "पदवी मिळून राहिली आहे यामिनी."

"माझ्या नावाने त्यांनी कुलूप बनवलंय. ते दुसऱ्यांच्या दाराला लावताहेत."

"मग रेवतीने स्वतःची याचिका करावी. आपण मदत करू. पण तू सोड आता." त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "आठ-नऊ वर्षं झाली. मी थकलो नाही म्हणत होतो, पण थकलो. काहून अजून ओढायचं हे? आणि त्यांनी पुन्हा चाचणी मागितली तर? मी पुन्हा त्या खोलीत बसणार नाही."

"का? काय झालं होतं त्या खोलीत?"

त्याने वह्यांचा गठ्ठा सरळ केला.

"छान झालं म्हणालास ना?"

"उत्तरं छान दिलीस," हेमराज म्हणाला. "ते खोटं नाही." आणि त्याने वही पुढे ओढली. पण त्याच्या पेनाने त्या पानावर एकही खूण केली नाही, हे तिला दिसत होतं. तिने त्याला पुन्हा विचारलं नाही, आणि निर्णयही बदलला नाही. दोन दिवस ती दोघं भाजी-पोळीपुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी हेमराज म्हणाला, "तारखेला मी रजा टाकली आहे." तेवढंच.

नलिनीताईंनी याचिकेत दुरुस्ती केली. मौखिक परीक्षेच्याच आधारे पदवी द्यावी, आणि परिपत्रक रद्द व्हावं. रेवती दुसरी याचिकाकर्ती झाली.

अंतिम सुनावणीला दाभाडेंनी चाचणीचं चित्रीकरण न्यायालयापुढे ठेवलं. चाचणी किती सभ्यपणे होते, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी काही तुकडे निवडले होते. पडद्यावर यामिनी दिसली. तलावातला गाळ किती खोल काढावा, या प्रश्नाला ती उत्तर देत होती. गाळाखाली चिकणमातीचा थर असतो, यंत्र लावून तो फोडला तर तलाव वरून खोल दिसतो पण पाणी भलतीकडे पळतं आणि पिढ्यान्‌पिढ्या भरणाऱ्या विहिरी आटतात. ती हातवारे करत होती, डोळे चमकत होते. न्यायमूर्ती नकळत पुढे झुकून ऐकत होते.

"महोदय," नलिनीताई उठल्या, "हे तुकडे आहेत. पूर्ण दाखवावं अशी विनंती."

हेमराजने यामिनीच्या मनगटाला हात लावला. "आपण बाहेर बसू."

"नाही."

चित्रीकरण सुरुवातीपासून लागलं. पडद्यावरच्या बाईने एक उत्तर संपवलं. तिने खोलीभर पाहिलं, टेबलापलीकडच्या अनोळखी माणसांकडे, कॅमेऱ्याकडे. "माफ करा," ती म्हणाली, "हे काय चाललंय? माझी मौखिक परीक्षा आज आहे का?"

अधिकाऱ्याने समोरचा मजकूर वाचला. आपली पदवी नाकारण्यात आली आहे. आपण संमतीने या चाचणीला बसला आहात.

"नाकारली?" बाईचा चेहरा हळूहळू उतरला. "का?"

"आपल्या शरीरात यंत्र आहे म्हणून."

सेतू बंद असताना गेल्या काही महिन्यांतलं, अजून पक्कं न बसलेलं, तिला सापडत नव्हतं. तिच्या लेखी प्रबंध नुकताच सादर झाला होता आणि सगळं चांगलं चाललं होतं. तिने कोपऱ्यात पाहिलं. हेमराजने मान खाली घातली. तिने बाहीने डोळे पुसले, खालचा ओठ दातांखाली धरला, आणि म्हणाली, "बरं. विचारा."

प्रश्न आला. तिने उत्तर दिलं, स्वच्छ आणि पूर्ण. थोड्या वेळाने तिने पुन्हा खोलीभर पाहिलं. माफ करा, हे काय चाललंय? अधिकाऱ्याने तोच मजकूर वाचला. नाकारली? पुन्हा तोच चेहरा, तोच घाव, पहिल्याइतकाच ताजा. पुन्हा बाही डोळ्यांपाशी गेली. बरं, विचारा.

यामिनी बाकावर ताठ बसून पाहत होती. आपल्याला पदवी एकदाच नाकारली गेली, असं ती आजवर समजत होती.

पुढच्या एका वेळी पडद्यावरची बाई अधिकाऱ्याला म्हणाली, "देवतळे सरांना माहीत आहे का हे? ते असं होऊ देणार नाहीत. त्यांना विचारा तुम्ही." विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांमागच्या रांगेत देवतळे सर बसले होते. त्यांनी रुमाल काढला आणि तो हातातच धरून ठेवला.

"अजून किती आहे?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"निम्मंही झालं नाही, महोदय," नलिनीताई म्हणाल्या.

"थांबवा." पडद्यावरची बाई बाही डोळ्यांपाशी नेता नेता थांबली. न्यायमूर्ती इनामदार यामिनीकडे वळले. "तुम्ही हे आधी पाहिलं होतं?"

"नाही, महोदय. आत्ताच पाहतेय."

"विद्यापीठ तुम्हाला पदवी द्यायला तयार आहे. तुमचं स्वतःचं म्हणणं काय आहे?"

यामिनी उभी राहिली. रात्रभर पाठ केलेली वाक्यं तिच्या डोक्यातून पार गेली होती. ती पडद्याकडे बघत बोलू लागली.

"महोदय, ती बाई हुशार आहे. तिने एकही उत्तर चुकवलं नाही. पण तो प्रबंध तिने लिहिलेला नाही. तलावांच्या काठाने ती फिरली नाही. ते मी केलं, यंत्र चालू असताना. माझा नवरा मला काल काय म्हणाला हे मला आज ठाऊक असतं, ते यंत्र चालू असतं म्हणून. ही जी उभी आहे ना तुमच्यासमोर, ती मी. परीक्षा माझी घ्यायची होती. ती एकदा घेतली आणि मी उत्तीर्ण झाले. हिला त्या खोलीत पुन्हा पुन्हा बसवून मला बक्षीस द्यायचं, हे मला मान्य नाही. आणि रेवतीला त्या खोलीत उत्तरंसुद्धा सापडणार नाहीत. तिला तर फक्त पहिला भाग मिळेल, 'नाकारली' हे पुन्हा पुन्हा ऐकायचा."

दाभाडे उठले. "महोदय, याचिकाकर्ती चाचणीच नाकारत असतील, तर चाचणीच्या आधारे दिलेला आमचा प्रस्तावही राहत नाही. हे त्यांना समजावून सांगावं."

नलिनीताईंनी यामिनीकडे पाहिलं. हेमराजनेही पाहिलं. या वेळी त्याने नजर वळवली नाही. त्याने फक्त मान हलवली, हो अशी.

"मला समजलं," यामिनी म्हणाली. "प्रस्ताव मागे घ्या."

न्यायालयाबाहेर, निकाल राखून ठेवल्यावर, देवतळे सर गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आले. तिच्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक पान त्यांच्या हाताखालून गेलं होतं. ते म्हणाले, "यामिनी, त्या बैठकीत मी बोलायला हवं होतं."

"हो, सर," ती म्हणाली. "हवं होतं."

ते आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबले.  नमस्कार करून ती हेमराज आणि रेवती उभे होते तिकडे गेली. गाडीत बसल्यावर हेमराज म्हणाला, "त्या दिवशी सांगायला हवं होतं मी."

"तू का नाही सांगितलंस ते कळलं मला," यामिनी म्हणाली. "पण पुढच्या वेळी सांग. वाईट असलं तरी. माझं मला ठरवू दे." त्याने मान डोलावली आणि गाडी सुरू केली.

निकाल दिवाळीनंतर लागला. ज्ञान कोणत्या वाटेने माणसाच्या आत गेलं, हे विचारण्याचा अधिकार विद्यापीठाला नाही, असं न्यायमूर्तींनी लिहिलं. ते चोरून आणलं का, एवढंच विद्यापीठ विचारू शकतं, आणि चोरीचा पुरावा विचारणाऱ्याने द्यायचा असतो. उपकरण उत्तरं पुरवतं की नाही, हे उपकरण तपासून ठरवावं, माणूस बंद करून नव्हे. परिपत्रक रद्द झालं. यामिनीला मौखिक परीक्षेच्या आधारे पदवी द्यावी आणि रेवतीचा निकाल जाहीर करावा, असा आदेश झाला. रेवती प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होती. तिने फोनवर ते सांगितलं तेव्हा मागे तिची आई मोठमोठ्याने कुणालातरी तेच सांगत होती.

विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयात गेलं. स्थगिती मिळाली नाही, पण अपील दाखल झालं. यामिनीची पदवी टपालाने आली तेव्हा तिच्यावर लाल शिक्का होता, 'अपिलाच्या निर्णयास अधीन'. हेमराजला तो शिक्का बघून संताप आला. यामिनीने पदवी चौकटीत बसवून घेतली आणि शिक्क्यासकट भिंतीवर लावली.

अपिलाला द्यायच्या उत्तराचं प्रतिज्ञापत्र तयार झालं तेव्हा ती एकटीच नागपूरला गेली. नलिनीताईंच्या कचेरीत दिल्लीचे कागद टेबलभर पसरले होते. मजकूर नीट झाला होता. यामिनीने पहिल्या ओळीशी बोट ठेवलं. 'मी, यामिनी हेमराज गभणे, वय ३९, राहणार लाखनी, जिल्हा भंडारा.'

तिने पेन उचललं आणि नावाच्या आधीच्या कोऱ्या जागेत 'डॉ.' असं लिहिलं.

नलिनीताई चष्म्यावरून बघत होत्या. "अपील चालू आहे. समोरचे पहिला आक्षेप यावरच घेतील."

"घेऊ देत," यामिनी म्हणाली.

प्रतिज्ञापत्रात हाताने काही वाढवलं की शेजारी लहान सही लागते. तिने तीही केली.